माध्यमांचा इतिहास शिकताय? आधी तारीख बघा

जनसंज्ञापन शिकायला नव्यानं आलेली मुलं सुरुवातीला सनावळ्या घोकतात. १६०५, स्ट्रासबुर्गचं छापील वृत्तपत्र. १८३५, हावास वृत्तसंस्था. १८५१, लंडनमध्ये रॉयटरची वृत्तसंस्था. परीक्षेपुरतं ठीक आहे. मला हा विषय कळायला लागला तो जुने अंक मायक्रोफिल्मवर (पानांची बारीक छायाचित्रं असलेल्या फिल्मच्या रिळांवर) वाचताना, एका साध्या सवयीमुळे: घटना कधी घडली आणि छापून कधी आली, हे वहीच्या समासात टिपायचं.

लिंकन यांच्यावर १४ एप्रिल १८६५ च्या रात्री गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. अमेरिकेत तारेनं ही बातमी तासाभरात गावोगाव पोचू लागली. लंडनला ती कळली २६ एप्रिलला, कारण अटलांटिकखालची टिकाऊ केबल पडली १८६६ मध्ये. तोवर बातमीला जहाजाशिवाय वाट नव्हती. मधल्या दिवसांचे लंडनचे अंक काढून वाचाच. त्यांच्या लेखी लिंकन अजून राष्ट्राध्यक्ष आहेत. तारायंत्रानं काय बदललं यावर चार प्रकरणं वाचण्यापेक्षा हे अकरा-बारा अंक जास्त शिकवतात.

जुना अंक पहिल्यांदा समोर आला की मोठा मथळा शोधू नका. लंडनच्या 'द टाइम्स'च्या पहिल्या पानावर मे १९६६ पर्यंत छोट्या जाहिरातीच असत. बातम्या आणि अग्रलेख आत. अक्षर इतकं बारीक का, यामागे करही आहे. ब्रिटनमध्ये १८५५ पर्यंत वृत्तपत्रांवर मुद्रांक शुल्क होतं. महागड्या कागदावर जितका मजकूर मावेल तितका कोंबायचा, हा त्यातूनच आलेला हिशेब. (डोळ्यांची काळजी घ्या. एका बैठकीत अख्खं रीळ संपवायचा हट्ट नको.)

पाठ्यपुस्तकांतली 'नवं आलं, जुनं गेलं' ही मांडणी मला पटत नाही. १८५० मध्ये बर्लिन-आखेन आणि पॅरिस-ब्रुसेल्स अशा तारा होत्या, पण आखेन आणि ब्रुसेल्सच्या मध्ये तार नव्हती. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये वृत्तसंस्था काढणाऱ्या पॉल ज्युलियस रॉयटरनं ती फट कबुतरांनी भरली. सगळ्यात नवं साधन आणि सगळ्यात जुनं, एकाच बातमीच्या वाटेवर! रेडिओचंही तसंच. १९२२ मध्ये बीबीसी सुरू झाली तेव्हा वृत्तपत्रांचा खप पडू नये म्हणून संध्याकाळी सातच्या आधी बातम्या द्यायच्या नाहीत, असं बंधन तिच्यावर होतं.

प्रबंधासाठी सुरुवातीचा रेडिओ घेणार असाल तर मार्गदर्शकांशी आधीच बोलून घ्या. त्या काळातली थेट प्रसारणं बहुतांशी ध्वनिमुद्रित झालेलीच नाहीत. संहिता, कार्यक्रमपत्रिका, श्रोत्यांची पत्रं यांवरच काम करावं लागतं. ऐकायला मिळेल या आशेनं विषय घेतलात, तर हाती कागदच येतात.