सीटचा बोल्ट खोलण्याआधी त्याचं डोकं वाचा

बडोद्यात गाडीच्या सीट काढायचं काम वर्षभर असतं, पण पावसाळ्यानंतर त्याची रांग लागते. २०१९ आणि २०२४ साली विश्वामित्री नदीचं पाणी ज्या गाड्यांत शिरलं, त्यांचं कार्पेट वाळवायचं तर आधी पुढच्या सीट बाहेर काढाव्याच लागल्या. कुणी आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून या कामात येतो, कुणी दहावीनंतर सरळ सीट कव्हरच्या दुकानात लागतो. दोघांच्याही हातात पहिल्या आठवड्यातच सीटचा बोल्ट येतो, आणि बऱ्याचदा पहिल्या आठवड्यातच एखादं डोकं घासून गोल होतं.

कारण ताकद कमी पडते असं नाही, पाना चुकतो.

पुढच्या सीटला साधारण चार बोल्ट असतात, दोन पुढे आणि दोन मागे, रुळांच्या टोकांना. त्यावर प्लॅस्टिकचं झाकण असेल तर ते आधी काढा आणि टॉर्च मारून डोकं नीट बघा. मारुती, टोयोटा, होंडा यांच्या गाड्यांत बहुधा साधा षटकोनी बोल्ट, १४ मिमीची गोटी, म्हणजे सॉकेट, लागते. डोक्यात सहा पाकळ्यांचा खड्डा दिसला तर तो टॉर्क्स, दुकानातल्या भाषेत स्टार. त्याला खड्ड्यात बसणारा तुकडा, म्हणजे बिट लागतो. सीटला सहसा टी-५०, कधी टी-४५ किंवा टी-५५. पाकळ्या खड्ड्यात नसून डोक्याच्या बाहेरच्या अंगाला असतील तर तो ई-टॉर्क्स. त्याला ई-१२, ई-१४ अशा वेगळ्या गोट्या येतात, षटकोनी गोटी तिथे चढवली की पाकळ्या झिजल्याच समजा. खड्ड्यात बारा टोकदार दात दिसले तर तो एक्सझेडएन. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांत हा भेटतो, आणि नवखा त्याला स्टार समजून टी-५० ठोकतो. बारा दातांचा बोल्ट त्यानंतर कुणाच्याच कामाचा राहत नाही.

टी-४५ आणि टी-५० मधला फरक डोळ्याला कळत नाही. टोकापासून टोकापर्यंत एक साधारण ७.९ मिमी, दुसरा ८.९ मिमी, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. टी-४५ त्या खड्ड्यात सहज जातो, म्हणून बसला असं वाटतं. बिट घालून हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचितही डुलला तर तो चुकीचा. योग्य बिट आत जाताना जरा घट्ट जातो आणि हात सोडला तरी उभा राहतो.

योग्य बिटसुद्धा डुलतो, तेव्हा खड्ड्यात काहीतरी अडकलेलं असतं. सीटखाली चिखल, वाळू आणि घरची मुलं मागे बसत असतील तर बडोद्याचा ओलसर लीलो चेवडा, हे सगळं ओलं होऊन खड्ड्यात दगडासारखं बसतं. बिट पूर्ण खोल जात नाही, फक्त वरच्या दोन मिलिमीटरला धरतो आणि जोर लावला की तेवढाच भाग उडतो. बारीक टोच्याने किंवा जुन्या सुईने खड्डा तळापर्यंत कोरून घ्या, फुंकर मारा, मग बिट घालून हातोडीने एक हलका ठोका द्या.

सुरुवातीला शंभर तुकड्यांची पेटी घेऊ नका. त्यातला अर्धा माल पाव इंच ड्राइव्हचा (गोटी दांड्यावर बसते त्या चौकोनाचं माप), सीटला निरुपयोगी. अर्धा इंच ड्राइव्हचे एवढेच घ्या: १२, १४ आणि १७ मिमीच्या सहा-कोनी गोट्या, टी-४५, टी-५०, टी-५५ चे बिट, ई-१२ आणि ई-१४, एम-१० चा एक्सझेडएन, ७५ आणि २५० मिमीचे एक्स्टेंशन, आणि सुमारे ४५० मिमीचं फ्लेक्स हँडल, म्हणजे मान वळणारा लांब दांडा. बारा-कोनी गोटी स्वस्त मिळते, पण गंजलेल्या बोल्टवर सरकते. बिट एस-२ पोलादाचे बघून घ्या. रॅचेट, म्हणजे कटकट करत एकाच दिशेला बोल्ट फिरवणारा दांडा, फक्त ढिला झालेला बोल्ट भराभर फिरवायला. पहिला झटका फ्लेक्स हँडलनेच. ४५० मिमीच्या टोकाला २० किलोचा जोर दिला की सुमारे ९० न्यूटन-मीटर होतात, आणि सीटचे बोल्ट बहुतेक त्याच्या निम्म्यावर घट्ट केलेले असतात.

आता एअरबॅग. सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर सीटखाली पिवळा कनेक्टर असतो. इग्निशन बंद, बॅटरीचा निगेटिव्ह १० मिमीच्या पान्याने काढायचा, किमान दहा मिनिटं थांबायचं, मग पिवळ्याला हात. त्या तारांना मल्टिमीटर कधीच लावू नका. एअरबॅग नसलेल्या स्वस्त गाडीतही तारा सापडतील: १ जुलै २०१९ पासून पुढच्या दोन्ही सीटना बेल्ट रिमाइंडर सक्तीचा आहे. सीट विजेवर सरकणारी असेल तर बॅटरी काढायच्या आधी बोल्ट काढून घ्या, नाहीतर सीट जागेवरच अडकेल.

क्रम सोपा. हेडरेस्ट काढा, सीट पूर्ण मागे सरकवून पुढचे दोन बोल्ट, मग पूर्ण पुढे सरकवून मागचे दोन, मग मधोमध आणून कनेक्टर सोडा. पुढचे आणि मागचे बोल्ट वेगळ्या लांबीचे असू शकतात, तेव्हा वेगळ्या डब्यांत ठेवा. दरवाजाच्या उंबऱ्यावर जुनी गोधडी टाका. रुळाची धार प्लॅस्टिकवर जो ओरखडा काढते तो जात नाही. सीट दोघांनी उचला. मागच्या सीटचा बसायचा भाग बहुधा क्लिपांवर असतो, पुढची कड वर ओढली की निघतो.

पाण्यातून निघालेल्या गाडीत बोल्ट अर्धा येऊन अडकतो. याचं मूळ खाली असतं. बोल्टचं शेपूट बऱ्याच गाड्यांत फ्लोअरच्या खाली डोकावतं, त्यावर गंज चढतो आणि तोच गंज नटच्या आट्यांतून ओढला जातो. गाडी वर घेऊन शेपूट तारेच्या ब्रशने घासा, गंज सोडवणारं तेल मारून वीस मिनिटं थांबा. मग अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, असं खेळवत काढा. सरळ ओढलात तर फ्लोअरला वेल्ड केलेला नट सुटतो आणि कार्पेट उचलायची वेळ येते. डोकं उडालेल्या बोल्टवर नट वेल्ड करून काढायची युक्ती जुने कारागीर करतात. सीटच्या फोमपाशी आणि इंधनाच्या नळीवर ठिणग्या पडणारं हे काम नवख्याने करू नये.

बसवताना चारही बोल्ट आधी बोटांनी तीन-चार फेरे आत जायला हवेत. न गेल्यास आटे तिरके धरतायत, पाना लावू नका. घट्ट करायला टॉर्क रेंच, म्हणजे किती पीळ बसला ते मोजणारा पाना, आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. झटके देत फिरणाऱ्या इम्पॅक्ट गनने सीट घट्ट करणं हा निव्वळ आळस. आणि भोकं जुळत नसतील तर बोल्टला दोष देण्याआधी रूळ बघा: सीट बाहेर असताना कुणी लिव्हर ओढली की एक रूळ एका दाताने पुढे जातो. लिव्हर धरून दोन्ही रूळ पूर्ण मागे न्या, दोन्हीकडून क्लिक ऐकू आलं की भोकं समोरासमोर येतात.