कोल्हापूरच्या सुभाषनगरातून एक जोड गुवाहाटीला पाठवायचा तर

पायताण, म्हणजे कोल्हापुरी चप्पल, शिवायचं काम आमच्या घरात मामंजी करतात. ते मला शिकवता येणार नाही. पण शिवून झालेला जोड घरातून निघून गिऱ्हाइकाच्या दारात कसा पोचतो, ते गेली सहा वर्षं मी रोज बघते. गल्लीतल्या पोरी विचारायला येतात, त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते.

पूर्वी आमचा माल पोत्यानं जायचा. चाळीस जोड भरले की पोतं शिवायचं, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्टी, म्हणजे माल दिल्याची पावती, करायची आणि पुण्याचा दुकानदार गोडावनातून माल सोडवून घ्यायचा. एकच जोड मागणाऱ्याला आम्ही सरळ नाही म्हणायचो. हे बदललं ते गेल्या पंधरा वर्षांत निघालेल्या नव्या कंपन्यांमुळं. डेल्हिवरी २०११ची, पुण्याची एक्सप्रेसबीज २०१५ची. त्यांनी ऑनलाइन दुकानांसाठी गावोगावी सेंटरं उघडली आणि घरी येऊन पार्सल उचलायची पद्धत पडली. शिपरॉकेटसारख्या कंपनीचे स्वतःचे ट्रक नसतात. ती वेगवेगळ्या कुरिअरचे दर एका पडद्यावर मांडते आणि आपल्या वतीनं बुकिंग करते. हजारो विक्रेत्यांचा माल एकत्र धरून तिनं दर ठरवलेले असतात, म्हणून महिन्याला वीस पार्सलं पाठवणाऱ्या बाईलाही परवडणारा दर मिळतो. आमच्यासारख्या घरांना यातून खरा फायदा झाला, असं मी मनापासून म्हणते.

अशा कंपनीत खातं उघडणं सोपं आहे. पॅन, बँक खातं, पत्ता दिला की झालं. खरं शिकायचं ते खोक्याचं.

कुरिअर दोन वजनं बघतं. एक काट्यावरचं आणि दुसरं आकारमानाचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायचं. जे जास्त भरेल त्यावर बिल होतं, तेही अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यानं. मी सुरुवातीला बाजारात मिळणारं बुटाचं खोकं घेतलं होतं, ३५ × २५ × १२. गुणाकार १०,५००, भागून २.१ किलो, म्हणजे बिल अडीच किलोचं. आत कापशी घाटाच्या चपलेचा जोड जेमतेम ८०० ग्रॅमचा! तीन महिने मी हवेचं भाडं भरलं. मग मामंजींनीच दोन्ही पायताणं शेजारी उलटसुलट ठेवून दाखवली, एकाचा अंगठा दुसऱ्याच्या टाचेकडं. त्या मापानं ३० × २० × ८ चं खोकं करून घेतलं. आता ०.९६ येतं आणि बिल एका किलोचं. नऊ नंबरपर्यंतचे जोड यात बसतात, मोठ्यांना वेगळं खोकं ठेवा. माप बाहेरून घ्यायचं आणि टेप लावल्यावर घ्यायचं. खोकं मधे फुगलं की उंचीत एक सेंटिमीटर वाढतो आणि आपण पुढच्या टप्प्यात जातो.

पार्सल काट्यावर असताना आकडा दिसेल असा एक फोटो, टेप धरून तीन बाजूंचे तीन फोटो, आणि लेबल चिकटवल्यावर एक. हे रोज करा, कंटाळा करू नका. सॉर्टिंगच्या जागी यंत्रावर वजन पुन्हा होतं, कधी जास्त लागतं आणि फरक आपल्या वॉलेटमधून, म्हणजे ॲपमध्ये आगाऊ भरलेल्या पैशांतून, वळता होतो. हरकत घ्यायला मोजकेच दिवस मिळतात, फोटो असले की दाद लागते. वॉलेटचा हिशेब मी दर सोमवारी बघते.

पावसाळ्याचं वेगळं. कातड्याला ओल लागली की बुरशी धरते. एका जुलैत माझे अकरा जोड पांढरे होऊन परत आले. चूक माझीच, दमट हवेत भरून वरून प्लास्टिक घट्ट बंद केलं होतं, ओल आतच कोंडली. आता जोड दोन दिवस पंख्याखाली ठेवते, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळते, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकते, मग खोकं आणि सगळ्यात बाहेर प्लास्टिकची पिशवी. जुलै-ऑगस्टमध्ये पोचायची तारीख चार दिवस पुढची सांगायची. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापुरांत शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक कित्येक दिवस थांबली. अशा वेळी ॲप ‘वाटेत आहे’ एवढंच दाखवत राहतं. गिऱ्हाइकाला आपण स्वतः फोन करावा.

पोचल्यावर पैसे घेण्याची सोय ठेवायची का? ठेवा, पण जपून. माल नाकारला गेला तर जाण्याचं भाडं गेलेलं असतंच, परतीचंही बहुधा आपल्यालाच पडतं. चपलेत माल परत येतो तो मापामुळं. म्हणून मी नंबर विचारत नाही. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं कड काढा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत पट्टी ठेवा आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, असं सांगते. मामंजींचे वडील समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचं माप असंच घ्यायचे. एवढे कष्ट घेणारा माणूस जोड सहसा नाकारत नाही. शिवाय ते पैसे पार्सल पोचल्यावर काही दिवसांनी खात्यात येतात. कातड्याचे आणि कारागिरांचे पैसे मात्र आठवड्याला द्यावे लागतात. तेवढी रोकड हाताशी असेल तरच ही सोय वाढवा.

सगळा माल एकाच कंपनीच्या भरवशावर टाकू नका. हा धंदा झपाट्यानं हात बदलतो. २०१२ला सुरू झालेली ईकॉम एक्सप्रेस २०२५मध्ये डेल्हिवरीनं घेतली. २०१४च्या रिव्हिगोनं ठरावीक टप्प्यावर ड्रायव्हर बदलायची पद्धत आणली होती, म्हणजे ट्रक पुढं जातो आणि माणूस घरी परततो. नवरा आठ-आठ दिवस गाडीवर असलेली घरं मी जवळून बघितली आहेत, त्यामुळं ही कल्पना मला फार मोलाची वाटते. पण त्यांचाही एक्सप्रेस मालाचा व्यवसाय २०२२मध्ये महिंद्रा लॉजिस्टिक्सकडं गेला. म्हणून दोन ठिकाणी खाती ठेवा, वॉलेटमध्ये आठवड्यापुरतेच पैसे भरा, आणि खासगी कुरिअर जात नाही अशा पिनकोडला स्पीड पोस्ट आहेच.

ट्रान्सपोर्टवाल्याशी संबंध तोडू नका. चाळीस जोडांचं पोतं आजही त्याच्याकडूनच स्वस्त जातं. मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर आणि राज्याबाहेर जाणार असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागतं. त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस. बेंगळुरू इथून ६०० किलोमीटरच्या थोडं पुढं, म्हणजे चार दिवस धरा. गाडीचा नंबर मिळाल्याशिवाय ते पूर्ण होत नाही, तेव्हा बुकिंग क्लार्कला सकाळीच फोन लावून ठेवावा.

परत आलेलं पार्सल घेऊन येणाऱ्या पोरासमोरच मोबाईलवर व्हिडिओ चालू करून फोडा. लेबलपासून सुरुवात करा, मग टेप, मग आतले दोन्ही तळ. डावा-उजवा एकाच जोडाचे आहेत का बघा. मामंजी तळाच्या आत पेनानं एक बारीक खूण करतात, ती जुळली की जोड पुन्हा पंख्याखाली.