बाळ कॉटमध्ये झोपत नाही? या चुका टाळा

बारशाला हौसेनं आणलेली कॉट महिनाभरात दुपटी-लंगोट ठेवायची जागा होते आणि बाळ झोळीतच राहतं, असं गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कितीतरी घरांत दिसेल. ‘आमच्या बाळाला कॉट सोसत नाही’ असा निकालही लागतो. बहुतेक वेळा दोष कॉटचा नसतो, बाळ तिच्यापर्यंत कसं पोहोचतं त्याचा असतो.

गाढ झोपवून मग ठेवणं

सगळ्यात जास्त घात हीच चूक करते. तान्ह्या बाळाची झोप साधारण पाऊण ते एक तासाच्या आवर्तनांत चालते आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी ते थोडं जागं होतं. हलत्या झोळीत डोळा लागलेला आणि जाग येते ती स्थिर गादीवर, मग ते रडणारच. डोळे जडावलेत पण मिटले नाहीत, अशा वेळी ठेवा. आधी कुल्ले टेकवा, डोकं शेवटी. डोकं आधी खाली गेलं की बाळ दचकून हात फेकतं आणि सगळी मेहनत वाया जाते. मिनिटभर छातीवर हात राहू द्या. झोळी एकदम तोडू नका. झोके रोज थोडे कमी करा, मग झोळीत न हलवता झोपू द्या, मग कॉट.

सुरुवात रात्री करणं

रात्री दोन वाजता कोणाचाच निर्धार टिकत नाही. त्यापेक्षा सकाळी तेल लावून न्हाऊ घातल्यावरची झोप धरा, ती आयतीच गाढ असते. (धुरी मात्र नको. बंद खोलीतला धूर कोवळ्या फुफ्फुसांना त्रास देतो, मग तो वेखंडाचा असो की ओव्याचा.) पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळ रात्री उठतं ते बहुधा भुकेनं. तिथे सवय मोडायला जाऊ नका, पाजा.

कॉट मऊ करणं

इथे मी हट्टी आहे. मोहरीची उशी, लोड, गोधडी, कडेचे गुबगुबीत पॅड, सगळं बाहेर. घट्ट, सपाट गादी आणि ताणून बसवलेली चादर, बस्स. झोपताना टोपडं आणि गळ्यातला काळा दोराही काढा. बाळ उताणंच झोपवा. अमेरिकेत 1994 मध्ये उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतले अचानक बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ‘दूध वर आलं तर गुदमरेल’ ही आजीची भीती खोटी म्हणून उडवून लावू नका, समजावून सांगा: उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध तिच्यात सहज शिरत नाही. डोकं चपटं होईल असं वाटत असेल तर जागेपणी, नजरेसमोर, पोटावर खेळवा. बाळ वळायची लक्षणं दाखवू लागलं की दुपट्यात गुंडाळणं बंद.

पावसाळा विसरणं

जून ते सप्टेंबर आपल्याकडे गादी आतून ओलसर राहते, खालून बुरशी धरते. ऊन पडेल तेव्हा ती उभी करून वाळवा. मच्छरदाणी हवीच, पण ताठ बांधलेली. सैल जाळी तोंडावर पडता कामा नये. वीज गेली की पंखा थांबतो आणि बाळ घामानं उठतं. मान ओली लागली तर एक कपडा कमी करा.

जुनी, नात्यातून आलेली कॉट असेल तर गजांमधली फट मोजा: 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. बाळ धरून बसू-उभं राहू लागलं की गादी खालच्या पातळीवर न्या. पहिले सहा महिने तरी कॉट आईबाबांच्याच खोलीत असावी.

चवथीला घर भरतं, बाळ हातोहात फिरतं आणि बसवलेली घडी विस्कटते. पाहुणे गेले की पुन्हा न्हाणानंतरच्या झोपेपासून सुरू करा. दुसऱ्या वेळी बाळ सहसा लवकर रुळतं. मात्र बाळ सतत घोरत असेल किंवा झोपेत श्वास अडतोय असं वाटलं, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.