ग्लोमस जुगुलर गाठ: संशयापासून निर्णयापर्यंत कसे जावे

एकाच कानात नाडीच्या लयीत धपधप ऐकू येत असेल आणि त्या कानाने ऐकणे मंदावत असेल, तर ते वयावर ढकलू नये. मनगटाची नाडी धरून आवाज तिच्याशी जुळतो का ते पाहावे आणि जुळल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना आवर्जून सांगावे. कानाच्या पडद्यामागे लालसर, ठोके देणारा गोळा दिसल्यास कवटीच्या तळाशी वाढणाऱ्या, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या ग्लोमस गाठीची शंका घेतली जाते.

अशा वेळी तुकडा काढून तपासण्याची घाई करू नये, कारण या गाठीतून जोरदार रक्तस्राव होऊ शकतो. निदान बहुधा स्कॅनवरूनच होते. सीटीत हाड किती झिजले आहे ते कळते, तर एमआरआयमध्ये गाठीचा पसारा दिसतो. काही थोड्या गाठी ॲड्रेनालिनसारखी संप्रेरके सोडतात आणि भूल देताना रक्तदाब एकाएकी चढू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी रक्तातील किंवा लघवीतील मेटानेफ्रिनची (या संप्रेरकांपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थाची) तपासणी झालीच पाहिजे.

जनुकीय तपासणीबद्दलही विचारावे. एसडीएचडी जनुकातील दोष वडिलांकडून आला तरच सहसा गाठ होते. आईकडून आलेला दोष बहुधा गप्प राहतो, पण पुढच्या पिढीत जाऊ शकतो. त्यामुळे ‘आमच्या घरात कोणालाच नव्हते’ एवढ्यावर विसंबू नये.

माझ्या मते खरा प्रश्न गाठीपेक्षा नसांचा, म्हणजे मज्जातंतूंचा आहे. नववी, दहावी आणि अकरावी कपाल-नस (कवटीतून बाहेर पडणारे, गिळणे, आवाज आणि खांदा सांभाळणारे मज्जातंतू) या गाठीला अगदी खेटून जाते. पाणी पिताना ठसका, बसलेला आवाज, उतरलेला खांदा ही त्यांच्या दुबळेपणाची चिन्हे असतात. नस हळूहळू दुबळी झाली तर शरीर जुळवून घेते, पण शस्त्रक्रियेत ती अचानक गेली तर वयस्कर माणसाला गिळणेही अवघड होते आणि अन्न श्वासनलिकेत उतरण्याचा धोका राहतो. म्हणून स्वरतंतू व गिळण्याची तपासणी आधी करून घ्यावी आणि ‘कोणती नस वाचेल?’ असे सर्जनना स्पष्ट विचारावे. गाठ बहुधा फार सावकाश वाढते, त्यामुळे उतारवयात नुसती देखरेख किंवा गॅमा नाइफसारखे किरणोपचार हेही रास्त पर्याय असतात. मात्र किरणोपचाराने गाठ नाहीशी होत नाही, तिची वाढ थांबवणे हा त्याचा उद्देश असतो.

देखरेखीचा मार्ग घेतल्यास स्कॅनचा केवळ अहवाल न ठेवता सीडीही जपावी आणि प्रत्येक नव्या एमआरआयची तुलना अगदी पहिल्या स्कॅनशीही करून मागावी, कारण लागोपाठच्या दोन स्कॅनमध्ये सूक्ष्म वाढ सहज नजरेतून सुटते.