संगणक सुरू होताना फाइल सिस्टीमची तपासणी

लिनक्स संगणक सुरू होताना कोणती फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली साठवण्याची रचना) तपासायची, हे 'ईटीसी' डिरेक्टरीतील 'एफएसटॅब' या फाइल सिस्टीमची यादी असलेल्या फाइलमधल्या सहाव्या रकान्यावरून ठरते. तेथे रूट फाइल सिस्टीमसाठी (जिच्यावर मूळ डिरेक्टरी असते) 1 आणि इतरांसाठी 2 लिहावे. 0 लिहिल्यास ती तपासणीतून वगळली जाते. एक्सएफएस या प्रकारच्या फाइल सिस्टीमसाठी 0 हेच योग्य, कारण तिची सुरुवातीची तपासणी प्रत्यक्षात काहीच करत नाही.

वीज अचानक गेल्यानंतर एक्स्ट4 या प्रकारची फाइल सिस्टीम सहसा जर्नलमधील (बदल आधी टिपून ठेवणाऱ्या नोंदवहीतील) नोंदी पुन्हा लागू करून लगेच सावरते, त्यामुळे संपूर्ण तपासणी होतेच असे नाही. ती हवीच असेल, तर सिस्टमडी (लिनक्समधील सेवा सुरू करणारी प्रणाली) वापरणाऱ्या संगणकावर ग्रब या लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या मेनूत 'ई' दाबून, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'एफएससीके.मोड=फोर्स' हा पर्याय लहान रोमन अक्षरांत (fsck.mode=force) जोडावा आणि कंट्रोल-एक्स दाबावे. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो. मोठ्या डिस्कला बराच वेळ लागू शकतो. तेवढ्यात कंटाळून संगणक बंद करू नये.

माउंट केलेल्या, म्हणजे वापरासाठी जोडलेल्या, फाइल सिस्टीमवर दुरुस्ती कधीही चालवू नये, कारण त्याने चांगल्या फाइलीही बिघडू शकतात. तपासणी अडून हाताने दुरुस्ती मागत असेल, तर लाइव्ह यूएसबीवरून (जिच्यावरून लिनक्स थेट चालते अशा पेन ड्राइव्हवरून) संगणक सुरू करून आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढावी आणि मगच दुरुस्तीला हात घालावा.