रंगखात्याचे पाणी आरओवर घेताना या चुका टाळा

कापड रंगाईच्या सांडपाण्यातील रंग डोळ्यांना दिसतो, मीठ दिसत नाही. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे रंग उडवण्यासाठी हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचे द्रावण) ओतणे. त्याने रिअॅक्टिव्ह रंगाचे पाणी पाहता पाहता पांढरे पडते हे खरे. परंतु आरओचे, म्हणजे दाबाने पाणी गाळून मीठ अडवणाऱ्या यंत्राचे, मेम्ब्रेन (गाळणारा पातळ पडदा) पॉलिअमाइडचे असते आणि मुक्त क्लोरीन लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर राहिला की त्याचा नाजूक थर झिजू लागतो. नागपूरजवळच्या बुटीबोरीतील एका कारखान्यात तपासणी जवळ आली की हायपोचे कॅन रिकामे होत आणि पुढे क्लोरीन काढणारा कार्बन फिल्टर आहे म्हणून सगळे निर्धास्त असत. तिथला ऑपरेटर एकदा आनंदाने सांगू लागला की मेम्ब्रेन ‘खुलले’ आहे, दाब कमी लागतो आणि पाणी जास्त मिळते. शुद्ध पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मोजायला लावला, तर तो कित्येक पटींनी वाढलेला निघाला. त्या खारट पाण्यामुळे कापडाच्या छटा जुळेनाशा झाल्या होत्या आणि बोलणी मात्र रंगमास्तर खात होता. क्लोरीनने जळालेले मेम्ब्रेन कोणत्याही धुलाईने परत येत नाही, त्यामुळे पूर्ण संच बदलावा लागला. मी हायपोचे कॅन ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) आवारातच येऊ देत नाही, आणि आरओच्या तोंडाशी रोज सकाळी डीपीडी गोळीने (क्लोरीन असल्यास पाणी गुलाबी करणाऱ्या) क्लोरीन तपासल्याशिवाय पंप सुरू करू देत नाही.

दुसरी चूक खास आपल्या हवेची आहे. पाणी एका अंशाने तापले की मेम्ब्रेनमधून सुमारे ३ टक्के अधिक पाणी निघते. नागपुरात उघड्या टाकीतील पाणी जानेवारीत १८ अंशांच्या आसपास आणि मे महिन्यात ३५ च्या पुढे असते, म्हणजे त्याच दाबाला उन्हाळ्यात दीडपटीने पाणी मिळते. परिणामी थंडीत चांगल्या मेम्ब्रेनला उगाच रसायनांनी धुतले जाते आणि उन्हाळ्यात साचलेला गाळ कुणाच्या लक्षातच येत नाही. नोंदवहीत तापमानाचा रकाना ठेवावा, प्रवाह २५ अंशांवर आणून मांडावा आणि तो १० ते १५ टक्के घटल्यावरच धुवावे. मेम्ब्रेनची मर्यादा साधारण ४५ अंश असल्यामुळे यंत्रातून येणारे गरम पाणी आधी निववावे लागते, आणि कूलिंग टॉवरची खरी परीक्षा कोरड्या मे महिन्यात नसून, घरचा कूलर जेव्हा हात टेकतो त्या दमट जुलैत असते.

रंगाच्या कुंडातील पाणी धुलाईच्या पाण्यात मिसळू नये. त्यात लिटरमागे ५० ग्रॅम मीठ असेल, तर केवळ ऑस्मोटिक दाबच, म्हणजे आरओच्या पंपाला ज्यावर मात करावी लागते तो मिठाचा दाब, ४० बारच्या घरात जातो. दोन नाल्या वेगळ्या काढण्याचा खर्च टाळणारे पुढे विजेच्या बिलात तो भरतात. नॅनोफिल्टर रंग अडवतो आणि साधे मीठ जाऊ देतो, त्यामुळे ते मिठाचे पाणी पुन्हा रंगाईला वापरता येते. मात्र साध्या मिठाऐवजी ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) वापरत असाल, तर सल्फेटही रंगाबरोबर अडकते आणि हा हिशेब जमत नाही.

गाळ बसवण्यासाठी घातलेला कॅटायनिक (धन प्रभाराचा) पॉलिमर जास्त पडला की तो मेम्ब्रेनला चिकटतो. मेम्ब्रेनवर सेंद्रिय घाण असताना धुलाईची सुरुवात आम्लाने करू नये, आधी अल्कली वापरावी. पुरवठादाराच्या पत्रकातील रिकव्हरीचा (आत गेलेल्यापैकी शुद्ध होऊन मिळणाऱ्या पाण्याच्या टक्क्यांचा) आकडा पहिल्याच महिन्यात गाठण्याची घाई तर मुळीच नको. दिवाळीच्या सुटीत मेम्ब्रेनचा संच रिजेक्ट (गाळून उरलेल्या खारट) पाण्यात भिजत ठेवू नये. शुद्ध पाण्याने धुऊन, सुटी लांबणार असल्यास १ टक्का सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात बंद करून ठेवावा.