डॉसमधले जुने हिशेब नव्या संगणकावर चालवताना या चुका टाळा

लालबाग-परळच्या पतपेढ्यांत, गिरगावातल्या ग्रंथालयांत आणि मशीद बंदरच्या पेढ्यांवर विंडोजच्या आधीच्या डॉस या कार्यप्रणालीवर चालणारी, क्लिपर किंवा फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषांत लिहिलेली सॉफ्टवेअर अजूनही पाहायला मिळतात. जुना संगणक एके दिवशी बंद पडतो, लॅमिंग्टन रोडवरून नवा येतो आणि त्यावर हा प्रोग्राम चालणार नाही, अशी सूचना पडद्यावर झळकते. यात प्रोग्रामचा दोष नाही. प्रोसेसर ६४-बिट पद्धतीने चालू असताना डॉसच्या प्रोग्रामना लागणारी व्हर्च्युअल ८०८६ ही जुन्या प्रोसेसरसारखे वागण्याची सोय त्यात उपलब्ध नसते, म्हणून ६४-बिट विंडोजमध्ये डॉसचा आधारच ठेवलेला नाही, आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही. मग डॉसबॉक्स, डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉस यांपैकी एखादा एम्युलेटर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम, घ्यावा लागतो. तो बसवायला फार वेळ लागत नाही. नुकसान होते ते त्यानंतर डेटाच्या फाइली हाताळताना.

पहिली चूक म्हणजे मूळ फोल्डरवरच प्रयोग सुरू करणे. आधी संपूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि फक्त नोंदी असलेल्या डीबीएफ फाइली उचलून समाधान मानू नये, कारण शेऱ्यांचा लांब मजकूर क्लिपरमध्ये डीबीटी आणि फॉक्सप्रोमध्ये एफपीटी या वेगळ्या फाइलींत असतो. इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, पुन्हा तयार करता येतो, हरवलेला मजकूर येत नाही. कामाची प्रत डी ड्राइव्हवर आठ अक्षरांच्या आत बसणाऱ्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी. इंटरनेटवर आपोआप चढणाऱ्या फोल्डरमध्ये ती कधीही ठेवू नये, कारण प्रोग्राम लिहीत असतानाच तिकडची यंत्रणा तीच फाइल अडवून धरू शकते.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र अगदी साधी आहे: कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून एम्युलेटर बंद करणे. डॉसच्या प्रोग्रामला विंडो म्हणजे काय हेच ठाऊक नसते, त्यामुळे फुली दाबणे हे त्याच्या दृष्टीने वीज जाण्यासारखे आहे. एका पतपेढीत मी हे प्रत्यक्ष पाहिले. संध्याकाळी लिहिलेल्या शेवटच्या तीन पावत्या सकाळी यादीत नव्हत्या आणि हिशेबनीस बाई त्या पुन्हा भरायला बसल्या होत्या. त्यांना थांबवून आम्ही फाइलची प्रत हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले बाइट सोळाच्या पद्धतीतल्या आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली. डीबीएफच्या पाचव्या ते आठव्या बाइटमध्ये एकूण नोंदींची संख्या असते, सर्वांत कमी मूल्याचा बाइट आधी या क्रमाने. तिथे ७४ १० ०० ०० होते, म्हणजे आपल्या नेहमीच्या आकड्यांत ४,२१२ नोंदी. पण फाइलचा आकार ५,४०,०३४ बाइट होता. त्यातून शीर्षभागाचे ५१४ बाइट वजा केले आणि एका नोंदीच्या १२८ बाइटने भागले, तर उत्तर बरोबर ४,२१५ आले. पावत्या डिस्कवर पोहोचल्या होत्या, फक्त वरची संख्या बदलायची राहिली होती. ७४ च्या जागी ७७ लिहून इंडेक्स नव्याने बांधल्यावर तिन्ही पावत्या परत आल्या. दर वेळी एवढे सुदैव लाभत नाही. म्हणून प्रोग्रामच्या मेनूतूनच बाहेर पडण्याची शिस्त संस्थेतल्या प्रत्येकाला लावावी.

आणखी एक गंभीर चूक दोन टेबलांवरून एकच डेटा उघडण्याची. डॉसबॉक्स मुळात खेळांसाठी घडवला गेला; जुन्या नेटवर्कवरचे प्रोग्राम नोंद लिहिण्यापूर्वी तिला कुलूप लावण्याची जी विनंती डॉसकडे करतात, ती डॉसबॉक्सच्या ०.७४ आवृत्तीत मानली जात नाही. अशा वेळी एकाने लिहिलेल्या शिलकीवर दुसरा आपली शिल्लक लिहून जातो आणि कोणालाच चूक दिसत नाही. एकाहून अधिक माणसे काम करणार असतील, तर कुलपाची सोय असलेला डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉस घ्यावा, आणि आधी खोट्या नोंदींवर दोघांनी एकाच वेळी एकच खाते उघडून खात्री करावी.

डीबीएफ फाइल लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडून, नावांप्रमाणे लावून पुन्हा सेव्ह करण्याचा मोहही टाळावा. इंडेक्सला नोंदींचा जुना क्रमच माहीत असतो, त्यामुळे सभासद क्रमांक टाकल्यावर भलत्याच माणसाचे खाते समोर येते. पाहायचे असेल तर प्रत उघडावी. एक्सेल २००७ पासून ही फाइल उघडते, पण त्याच स्वरूपात सेव्ह करत नाही, आणि हे आपल्या पथ्यावरच पडते.

काही तक्रारींचे उपाय लहान आहेत. महिन्याचे व्याज चढवायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर डॉसबॉक्सचे सायकल्स हे गतीचे सेटिंग पाहावे. ते ऑटोवर असते तेव्हा क्लिपरसारख्या साध्या प्रोग्रामना ३,००० चीच गती मिळते. तिथे मॅक्स लिहावे. ‘डॉस एरर ४’ याचा अर्थ एकाच वेळी फार फाइली उघडल्या गेल्या, असा असतो. क्लिपरच्या प्रोग्रामसाठी सेट क्लिपर या आज्ञेतला फाइलींचा आकडा वाढवून बघावा. विंडोजमधून फोल्डरमध्ये टाकलेली फाइल आत दिसत नसेल, तर कंट्रोल आणि एफ४ एकत्र दाबावे. छपाईसाठी ०.७४ मध्ये प्रिंटर पोर्टची सोयच नाही, त्यामुळे कंटिन्युअस पेपरवर पावत्या काढणाऱ्यांनी डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉसकडेच वळावे.

मराठी नावे दिसेनाशी झाली, तर घाबरून ती पुन्हा टंकलिहू नयेत. पूर्वी अनेक संगणकांत सी-डॅकचे जिस्ट कार्ड असे आणि देवनागरी अक्षरे पडद्यावर तेच उमटवत असे. एम्युलेटरमध्ये ते कार्ड नसल्यामुळे ‘सावंत’च्या जागी चौकटीच्या रेषा आणि परकी चिन्हे दिसतात, पण फाइलमधले बाइट जसेच्या तसे असतात. ते इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या मानकातले असतील, तर विंडोजच्या ५७००२ या कोड पेजच्या (अक्षरसंकेतांच्या तक्त्याच्या) आधारे प्रतीचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. मात्र रूपांतरित मजकूर मूळ डीबीएफमध्ये परत भरू नये: इस्कीत एका बाइटात बसणारे अक्षर युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात तीन बाइट घेते, आणि वीस बाइटांच्या रकान्यात सभासदाचे आडनाव अर्ध्यावर तुटते.